खाली कुणी नसताना

मला कुणाचंही चालणं पटकन येतं. म्हणजे शिकावं लागत नाही, लागण होते. कणकवलीला शाळेत होतो तेव्हा आमचे हेडमास्तर वर्गात शिरताना त्यांचा डावा खांदा आधी आत यायचा, मग बाकीचे हेडमास्तर. मी त्यांच्या मागून तसाच शिरायचो आणि अख्खा वर्ग बाकाखाली तोंड घालून हसायचा. एकदा ते मधेच मागे वळले. मी जागच्या जागी थांबलो, पण खांदा थांबला नाही. तो आपला तसाच वाकडा पुढे. छडी खाल्ली, पोरांना नक्कल पुन्हा करून दाखवली, विषय संपला. पण घरी जाईपर्यंत खांदा सरळ होईना हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सोंग घ्यायला मला वेळ लागत नाही. उतरवायला लागतो.

मुंबईत आलो तो मामाकडे. दादरला मोबाईल कव्हरच्या दुकानात काम मिळालं, दुपारनंतरचं. मामाची चाळ लालबागला, पण मी आलो तेव्हा ती रिडेव्हलपमेंटला गेलेली. सगळे भाडेकरू हलले होते आणि मामाचं बिऱ्हाड कॉटन ग्रीनला दोन खोल्यांत येऊन पडलेलं. त्या दोन खोल्यांत मामा, मामी, मामेभाऊ आणि वर मी. मामेभाऊ माझ्यापेक्षा थोडा मोठा, मी त्याला दाद्या म्हणतो. तो मला गाववाल्या म्हणतो. त्याचा बाप पण गाववाला, पण ते सोडा.

दाद्या सकाळी भोईवाड्याच्या मैदानात पार्कोर करायचा. भिंत, कठडा, रेलिंग, जे काय समोर येईल त्यावरून न थांबता पलीकडे जायचं, एवढंच ते. ऐकायला माकडचाळे वाटतात, मी पण पहिल्या दिवशी माकडच करून दाखवलं. हसले सगळे, फक्त ताई नाही हसली. ताई म्हणजे आम्हाला शिकवणारी. नायगावची, दिवसा एका दवाखान्यात रिसेप्शनला असते आणि सकाळी आमची हाडं मोडू नयेत हे बघते. ती म्हणाली, माकड छान आहे, आता तू कर.

तिथे माझी वाट लागली. एकेक गोष्ट मला यायची. कठड्यावर हात टेकून पाय पलीकडे टाकणं यायचं. भिंतीवरून उडी यायची. उडीनंतर खांद्यावरून कोलांटी घेऊन उठणं पण यायचं. पण हे सगळं एका दमात जोडायचं म्हटलं की प्रत्येक दोन गोष्टींच्या मधे मी उभा राहायचो. बससारखा. स्टॉप आला, माणसं उतरली, चढली, मग पुढे. ताईची पद्धत अशी की ती पाठ करून उभी राहते आणि आवाज ऐकते. नीट जोडलेलं असेल तर कापड ओढल्यासारखं ऐकू येतं, म्हणते. माझं तिला भांड्यांच्या मोरीसारखं ऐकू यायचं.

दाद्याचा मात्र आवाजच यायचा नाही. ताई पाठ करून उभी असायची आणि तो तिच्या मागून गेलेला तिला कळायचा नाही. मग मी डोकं लावलं. शिकणं आपल्याला जमत नाही, नक्कल जमते. तर मग दाद्याच करू. चार-पाच दिवस मी त्याच्याकडे नुसता बघत बसलो. धावायला लागताना तो नाकातून एकदा फूं करायचा, ते घेतलं. कठड्यावर हात ठेवायच्या आधी बोटं हलवायचा, ते घेतलं. आणि एका सकाळी मी दाद्या होऊन धावलो. कठडा, भिंत, रेलिंग, पुन्हा कठडा, कुठे स्टॉप नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. शेवटच्या बुटक्या भिंतीवरून मी उडी घेतली, पाय टेकले आणि मागच्या मागे ढुंगणावर आपटलो.

हसले सगळे, मी पण हसलो. पुन्हा केलं, पुन्हा आपटलो. तिसऱ्यांदा आपटलो तेव्हा ताई वळली. ती म्हणाली, हळू कर, नुसती शेवटची उडी. मी केली. ती माझ्याभोवती फिरली आणि मग तिने मला तसंच धरून ठेवलं, जमिनीवर येतायेताच्या त्या अवस्थेत. तेव्हा मला कळलं की माझे दोन्ही हात बाजूला उघडलेले आहेत, तळवे वर. हनुवटी वर. आणि सगळं वजन टाचांच्याही मागे, जिथे काहीच नाही तिथे.

"हे मी शिकवलेलं नाही," ताई म्हणाली. "कुणाचं घेतलंस?"

मी दाद्याकडे बोट दाखवलं.

तिने त्याला तीच उडी घ्यायला लावली. आणि पहिल्यांदा, म्हणजे मला वाटतं अगदी पहिल्यांदा, ती त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. आवाज नव्हता म्हणून तिने त्याला कधी बघितलंच नव्हतं. त्याचं ते अगदी बारीक होतं. पाय टेकायच्या क्षणी हात जरासे उघडायचे, मान जराशी मागे जायची, मग मांड्यांच्या ताकदीवर तो स्वतःला पुढे ओढून घ्यायचा. दिसायचं पण नाही. नकलेत गोष्ट मोठी होते म्हणून माझ्यात दिसलं. शिवाय माझ्या मांड्या त्याच्या अर्ध्या.

दाद्याला लगेच कळलं. हसायलाच लागला. म्हणाला, हे तर गोविंदाचं.

तो लहान असल्यापासून दहीहंडीच्या पथकात. आधी हलका म्हणून वर, आता वरून तिसऱ्या थरात. पथकाला शिकवणारे एक काका आहेत, मिलच्या भोंग्यासारख्या आवाजाचे. त्यांनी या पोरांना सगळ्यात आधी चढायला नाही, पडायला शिकवलेलं. थर कोसळला तर अंग सैल सोडायचं. हात उघडे, तोंड वर. कुणाला धरायचं नाही, धरलंत तर त्याची पण मान मोडाल. खाली आपलीच माणसं आहेत, ती घेतील. आणि घ्यायची. दाद्या किती वेळा पडला असेल, दर वेळी खाली हात होते. त्याच्या अंगाला माहीतच नाही की खाली माणसं नसू शकतात.

"इथे कोण घेणारे तुला?" ताईने विचारलं.

"ताई, लोड घेऊ नका," दाद्या म्हणाला. "सांभाळतो मी."

ताईने लोड घेतला. त्या दिवसापासून तिने त्याला फक्त बुटक्या भिंतीवर ठेवलं. हात छातीशी, हनुवटी आत, वजन पुढे. एकटी उडी असली की त्याचं बरोबर यायचं. आधी धाव, मग कठडा, मग भिंत असं जोडून आलं की शेवटी पुन्हा हात उघडायचे. वेगात माणूस विचार करत नाही, अंग आपलं जुनंच काढतं. त्यात हंडी तोंडावर आलेली. सकाळी ताई ते त्याच्या अंगातून काढायची आणि रात्री सरावाला काका ते परत भरायचे.

दुकान सुटल्यावर सरावाला मी पण जायचो, बघायला. काका मला फारच आवडायचे. तोंडात तंबाखू धरून, मान वर करून, दोनच हुकूम द्यायचे. थर चढवायचा असला की "उठ". थर लटपटला की "बस खाली". त्या "बस खाली"वर वरची सगळी पोरं एका झटक्यात अंगाचा गोळा करून खालच्याच्या खांद्यावर बसायची. कोण का विचारायचं नाही. मी आवाज दोन दिवसांत उचलला. एकदा घरी दाद्या हातात चहाचा कप घेऊन मोरीकडून येत होता, मी कॉटवर लोळत काकांच्या आवाजात म्हटलं, बस खाली. तो बसला. कप हातात, चहा पॅन्टवर, गुडघे छातीशी. मामी पोळपाटावरून उठून बघायला आली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला लाटणं दाखवलं. दाद्या उठला आणि म्हणाला, हे परत करायचं नाही हां, यात आपली चूक झाली तर कुणाचा तरी जीव जातो. हसत नव्हता तो.

मी परत केलं नाही. घरात तरी नाही.

मग एका सकाळी मैदानात दाद्याने त्याचा बेत सांगितला. चाळ सोमवारी पाडायला घेणार होते. भोवती पत्रे लागले होते, दारं-खिडक्या भंगारवाला घेऊन गेला होता. दाद्याला त्याआधी एक लाइन मारायची होती, म्हणजे एका दमात पूर्ण करायचा रस्ता. दुसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या घराच्या दारातून निघायचं आणि जिन्याला पाय न लावता फाटकाबाहेर यायचं. गॅलरीतून धावत, तिथल्या मोडक्या संडासाच्या कठड्यावरून, टोकाच्या रेलिंगवर पाय, आणि तिथून उडी. समोर पिठाच्या गिरणीचा स्लॅब, एक मजला खाली. मधे घरगल्ली. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, घरगल्ली म्हणजे दोन इमारतींच्या पाठींमधली बोळ, जिथे सगळ्यांचे पाइप आणि सगळ्यांचा कचरा उतरतो. आता तर चाळीतली फोडलेली भांडी, लाद्या, सळया सगळं तिथेच टाकलेलं. स्लॅबवर पुढच्या अंगाने उतरला तर कोलांटी घेऊन उठेल. मागे कलला तर त्याच्या पाठीमागे फक्त ती गल्ली.

ताईने सरळ नाही म्हणून सांगितलं. हंडी होऊ दे, सराव थांबू दे, मग दोन महिन्यांनी बघू. दाद्या म्हणाला, दोन महिन्यांनी चाळ कुठे असेल? ती म्हणाली, मग नको. त्याने मान हलवली. त्याची मान मला येते. ती हो म्हणणारी नव्हती.

जाताना ताईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, त्याला माझं पटत नाही, कारण त्याला ते दिसत नाही. तुला येतं ना? रोज करून दाखव त्याला. मग मी रोज केलं. मैदानात, रस्त्यात, घरी दोन कॉटच्या मधे. नाकातून फूं, बोटं, धाव, उडी, आणि शेवटी हात उघडे. दाद्या टाळ्या वाजवायचा. म्हणायचा, आज मान जास्त मागे गेली, उद्या सुधार. मी सुधारली. इतकी की मला आता वेगळं आणून करावंच लागेना. झालं असं की तो बदलत नव्हता आणि मी पक्का होत चाललो होतो. हे मला तेव्हा विनोदी वाटत होतं.

मामीला काही माहीत नव्हतं, तरी असावं. शनिवारी जेवायला वाढताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "ह्येका जरा बघ हां बाबू. ह्यो माझा ऐकणा नाय." आणि माझ्या पानात जास्तीचा बांगडा टाकला.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. पत्र्याच्या फटीतून आत शिरलो. इतकी रिकामी इमारत मी आधी कधी बघितली नव्हती. दारांच्या जागी नुसती भोकं, आणि प्रत्येक भोकातून समोरच्या खिडकीचं भोक, त्यातून पलीकडचं आभाळ. भिंतींवर देव्हाऱ्यांच्या चौकोनी पांढऱ्या जागा. कुठेतरी नळ बंद करायचा राहिला होता, त्याचा थेंब सगळ्या मजल्यांवर ऐकू यायचा. मी सवयीने एकदोन शेजाऱ्यांचे आवाज काढले, दाद्याने सांगितलेल्या गोष्टींमधले. रिकाम्या चाळीत ते इतके खरे वाटले की मी गप्प बसलो.

दाद्याने येताना खराटा आणलेला. गॅलरीतलं शेवाळ त्याने घासून काढलं, रेलिंग हलवून बघितली, संडासाच्या कठड्यावर उभा राहून नाचला. मूर्ख नव्हता तो, हे मला सांगायचंय. सगळं तपासलं, स्वतःला सोडून.

मी गिरणीच्या स्लॅबवर उभा राहून मोबाईलवर शूट करणार होतो. तो वर जायच्या आधी मी त्याला तिथेच, स्लॅबच्या कडेला, शेवटचं करून दाखवलं. एका विटेवरून उडी. जागच्या जागी. हात उघडले, मान मागे, वजन मागे, आणि माझी टाच कडेच्या बाहेर गेली. त्याने माझा शर्ट धरला म्हणून. खाली काहीतरी गडगडत गेलं, बहुतेक वीट. आम्ही दोघं ती पोहोचल्याचा आवाज येईपर्यंत थांबलो.

"असा दिसतो मी?" त्याने विचारलं.

"असाच," मी म्हटलं. "नको करूस ना, दाद्या."

तो बराच वेळ वर, त्यांच्या दाराच्या भोकाकडे बघत होता. मग म्हणाला, "या गॅलरीत मी चालायला शिकलो रे. आता काय जिन्याने उतरून जाऊ, बघायला आलेल्या पाहुण्यासारखा?"

मी मोबाईलची काच शर्टाला पुसली.

तो वर गेला. मी मोबाईल धरला. दारात तो उभा राहिला, बारीक दिसत होता. इथून ऐकू येणं शक्य नव्हतं पण त्याचं नाकातलं फूं मला माझ्या नाकात कळलं. मग तो निघाला.

ते खरंच सुंदर होतं, काय सांगू. मी त्याला शंभरदा बघितलंय, असं कधी नाही. गॅलरीतून येताना तो प्रत्येक दाराच्या भोकातल्या उजेडात एकदा दिसायचा, एकदा जायचा. कठड्यावर हात लागलाच नाही असं वाटलं. कुठे जोड दिसत नव्हता. धाव कुठे संपली, उडी कुठे सुरू झाली, काही नाही. एकच ओढलेलं कापड. आणि माझं अंग त्याच्यासोबत धावत होतं, उभ्या उभ्या. त्याचा पाय रेलिंगवर पडला तेव्हा माझ्या पोटरीत आला. तो हवेत आला आणि माझा मोबाईल धरलेला हात आपोआप बाजूला उघडला, तळवा वर. त्याचे हात उघडायच्या आधी माझा उघडला. मला तेव्हा कळलं की तो मागे पडणार आहे. अंदाज नाही, कळलं.

मी काही ठरवलं नाही. तोंडातून काका बाहेर आले.

"बस खाली."

मोठ्याने नाही. काका कधी ओरडत नाहीत, त्यांचा आवाजच पोहोचतो. रिकाम्या चाळीत तो सगळ्या मजल्यांवर गेला. दाद्याचे अर्धवट उघडलेले हात झपकन छातीशी आले, गुडघे वर आले, हनुवटी आत गेली. तो गोळा होऊन स्लॅबवर आदळला, खांद्यावर, वाईट. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. पण पुढे आदळला. घरंगळत माझ्या पायांशी येऊन थांबला.

स्लॅबच्या कडेखाली गल्लीत सगळं शांत होतं. नळाचा थेंब तेवढा.

तो डोळे मिटून पडलेला. मी त्याला हात लावायला घाबरत होतो. मग त्याने विचारलं, "काका कुठे आले?"

मी म्हटलं, "मी आलो."

त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता शिवी घालणार. नाही घातली.

खांद्याचं हाड मोडलं होतं, पुढचं, गळ्याजवळचं. परळला हॉस्पिटलात पट्टा बांधून मिळाला. मामी आली, त्याला बघितलं, रडली नाही. मला बाहेरच्या बाकड्यावर नेऊन बसवलं आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, आवाजासकट. ती म्हणाली, काढ बघू तो आवाज. मी काढला. शेजारच्या बाकड्यावरचा एक माणूस उगीच सावरून बसला. मामीने त्याच्याकडे बघितलं. मग माझा हात हातात घेतला, आणि तळवा वर होता तो तिने उलटा करून माझ्याच मांडीवर ठेवला. का ते तिला पण माहीत नसेल.

सोमवारी चाळ पाडायला घेतली. आम्ही कुणी बघायला गेलो नाही. हंडीला दाद्या पट्टा बांधून खाली उभा होता, घेणाऱ्यांत, एका हाताने. काकांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी मला बोलावलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, माझा आवाज माझ्या पोरांवर पुन्हा वापरायचा नाही. मी हो म्हटलं. स्वतःच्या आवाजात, मुद्दाम.

आता दाद्याचा पट्टा सुटलाय. ताईने त्याला परत बुटक्या भिंतीवर घेतलं, पाठ न करता, समोर उभी राहून. धाव, कठडा, भिंत, उडी. हात छातीशी. दहा वेळा केलं तरी छातीशी. त्या स्लॅबने जे शिकवलं ते त्याच्या अंगात बसलं.

मग माझी पाळी आली. मी माझं जोडून दाखवलं, कुठे स्टॉप नाही, आणि शेवटी मागच्या मागे आपटलो. कुणी हसलं नाही.

"त्याचं गेलं," ताई म्हणाली. "तुझं राहिलं."

बघा, मी कधी थरावर चढलो नाही. मला कधी कुणी खाली झेललं नाही. तरी प्रत्येक उडीच्या शेवटी माझे हात उघडतात आणि माझं अंग मागे रेलतं, अशा माणसांवर जी माझी कधी नव्हतीच. दाद्या भिंतीजवळ उभा राहून "बस खाली" म्हणतो, पण त्याला नक्कल येत नाही, तो त्याच्याच आवाजात म्हणतो, आणि माझं अंग ऐकत नाही. मी स्वतः काकांच्या आवाजात म्हणून बघितलं. हात आधी उघडतात, आवाज नंतर येतो. मग दाद्या भिंतीच्या मागे जाऊन उभा राहतो, हात पुढे करून, आणि दर वेळी मला घेतो. भिंत बुटकी आहे तोवर ते ठीक आहे.

पुढच्या आठवड्यापासून ताई सगळ्यांना भायखळ्याच्या एका उंच भिंतीवर नेणार आहे. त्या भिंतीच्या मागे उभं राहायला जागा नाही, पलीकडे उतार आहे. ताईने मला सांगितलं, तू नुसता बघायला ये. काल परत येताना दाद्याने विचारलं की तू तिथे उडी मारणार नाहीस ना.

"लोड घेऊ नको रे," मी म्हटलं. "सांभाळतो मी."

तो चालता चालता थांबला. माझ्या तोंडातला आवाज त्याचा होता.